फायब्रोमायल्जिया: अमेरिकेतली नर्स प्रॅक्टिशनर नेमकं काय करते, आणि ठाण्यात ते काम कोणाकडून करून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ४२, राहायला कळवा, नोकरी नवी मुंबईत महापेला. तीन वर्षांपासून मान, खांदे, कंबर, मांड्या असं सगळंच अंग दुखतं. रात्री झोप लागते, पण सकाळी उठल्यावर कोणी बदडून काढल्यासारखं वाटतं. रक्ताचे रिपोर्ट, एमआरआय, सगळं नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलं, गोळ्या दिल्या आणि महिन्याने यायला सांगितलं. ॲरिझोनातल्या मावसबहिणीलाही हाच आजार आहे. तिचं सगळं एक नर्स प्रॅक्टिशनर बघते आणि बहीण आता बरीच सावरली आहे. ही नर्स नेमकं काय करते? ठाण्यात असं कोणी मिळेल का? घरचे म्हणतात सगळं मनाचं आहे, त्यांना काय सांगू? आणि नोकरी सोडावी का?

आधी सरळ सांगते. त्या पदाची आणि त्या अधिकाराची नर्स तुम्हाला ठाण्यात मिळणार नाही. पण ती जे काम करते त्यातलं बहुतेक काम इथेही होतं. फक्त ते एका ठिकाणी आयतं मिळत नाही, जुळवून आणावं लागतं. मी ठाण्यात संधिवाताच्या ओपीडीत सिस्टर आहे. डॉक्टर तपासून औषध लिहितात; ते औषध घ्यायचं कसं, झोपेचं काय, चालायचं किती, सासूबाईंना काय सांगायचं, हे सगळे प्रश्न नंतर माझ्या टेबलावर येतात.

अमेरिकेत हे पद १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात सुरू झालं. लोरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून तो अभ्यासक्रम आखला, कारण खेड्यापाड्यांतल्या आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. आज तिथली नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे नर्सिंगच्या पदवीवर मास्टर्स किंवा डॉक्टरेट केलेली, वेगळी परीक्षा दिलेली व्यक्ती. ती रुग्ण तपासते, चाचण्या सांगते, निदान करते, औषध लिहिते. निम्म्याहून अधिक राज्यांत, त्यात ॲरिझोनाही आलं, ती हे स्वतःच्या लायसन्सवर करते. बाकीच्या राज्यांत डॉक्टरशी लेखी करार लागतो किंवा त्यांच्या देखरेखीखाली काम करावं लागतं. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०१६-१७ च्या सुमारास क्रिटिकल केअरसाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. तो आयसीयूसाठी आहे. नंतर बाळंतपणासाठी मिडवाइफरीचा आला. दुखण्याच्या ओपीडीसाठी तसं पद नाही, आणि फायब्रोमायल्जियाचं निदान करून स्वतःच्या सहीने औषध लिहिण्याचा अधिकार मला नाही.

तरी या आजारात नर्सेसचा हात जुना आहे. त्रास किती आहे हे मोजायला जगभर जी प्रश्नावली वापरतात, ती १९९१ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये प्रसिद्ध झाली. ती करणाऱ्या तिघांत कॅरोल बर्कहार्ट आणि शॅरन क्लार्क या दोघी नर्सिंगमधल्या, तिसरे रॉबर्ट बेनेट हे डॉक्टर. प्रश्नावली वाचली की ते कळतंच. २००९ च्या सुधारित आवृत्तीत २१ प्रश्न आहेत आणि पहिले नऊ असे: केस विंचरता येतात का, सलग वीस मिनिटं चालता येतं का, घरी जेवण करता येतं का, केर-फरशी होते का, सामानाने भरलेली पिशवी उचलता येते का, एक मजला चढता येतो का, पलंगावरची चादर बदलता येते का, खुर्चीवर पाऊण तास बसवतं का, बाजारहाट होते का. सांधा किती अंशात वळतो हे त्यात कुठेही विचारलेलं नाही. एकूण गुण शंभरापैकी. जितके जास्त तितका त्रास जास्त. आमच्याकडे मी ती मराठीत वाचून दाखवते आणि आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवते. तीन महिन्यांनी "काहीच फरक नाही हो सिस्टर" असं म्हणणारी बाई तो जुना आकडा बघून गप्प होते. कधी तो फरक खरंच नसतो, आणि तेही कळणं तितकंच गरजेचं.

तर ती नर्स पहिल्या भेटीत काय करते? मुख्य म्हणजे वेळ देते. शरीराचं चित्र छापलेला कागद पुढे ठेवून, गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं ते रंगवायला सांगते. निदानाच्या २०१६ च्या निकषांत शरीराचे १९ भाग मोजतात. त्याच्या जोडीला थकवा, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं, आणि डोकं न चालणं, म्हणजे गॅसवर दूध ठेवून विसरणं, बोलता बोलता शब्द न आठवणं, या तिन्हींना शून्य ते तीन गुण. डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं आणि उदासी यांना एकेक. असे त्रासाचे एकूण १२ गुण होतात. दुखरे भाग सात किंवा जास्त आणि त्रासाचे गुण पाच किंवा जास्त, अथवा दुखरे भाग चार ते सहा आणि त्रासाचे गुण नऊ किंवा जास्त, दुखणं शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत पसरलेलं आणि हे सगळं तीन महिने टिकून, तर निदान बसतं. पूर्वी, १९९० च्या निकषांत, शरीरावरच्या १८ ठरावीक जागा अंगठ्याने दाबून त्यातल्या ११ दुखतात का ते पाहत. आता ते बंधनकारक नाही. दुसरा आजार सोबत असला म्हणून हे निदान रद्द होत नाही. संधिवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच बाईत मी रोज बघते.

रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून हे निदान झालं, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते अर्धंच खरं. रिपोर्ट दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघण्यासाठी असतात. हिमोग्लोबिन आणि पेशींची मोजणी, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, थायरॉईडची टीएसएच, गरजेप्रमाणे ड जीवनसत्त्व, बी-१२, लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन, आणि स्नायूंत खरी अशक्तता असेल तर स्नायूंची सीपीके चाचणी. एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. लक्षणं नसताना संधिवाताची भलीमोठी पॅनेल करून घेऊ नका. एखादी चाचणी पुसटशी पॉझिटिव्ह येते आणि मग वर्ष त्या भीतीत जातं. आपल्याकडे मात्र एक प्रश्न मी कधी सोडत नाही: दुखणं सुरू होण्याआधी चिकनगुनिया झाला होता का? त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते आणि तिची वाट वेगळी.

आता घरच्यांचं "मनाचं आहे." या आजारात स्नायू किंवा सांधा झिजलेला नसतो, दुखण्याची खबर पोचवणारी आणि तिचा अर्थ लावणारी मज्जासंस्था अतिसंवेदनशील झालेली असते. सोसायटीत उभ्या गाडीचा अलार्म बिघडला की बॉनेटवरून मांजर गेली तरी तो कोकलतो, तसं. मांजर खोटी नसते आणि अलार्मही खोटा नसतो. जुळणी बिघडलेली असते. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देत मेंदूचं स्कॅनिंग केलं. निरोगी माणसाला ज्या दाबाला फारसं दुखत नाही, तेवढ्याच दाबाला या रुग्णांच्या मेंदूतले वेदनेचे भाग पेटलेले दिसले. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेने २०१७ साली अशा दुखण्याला "नोसिप्लास्टिक" हा स्वतंत्र प्रकार दिला. नवऱ्याला एकदा सोबत घेऊन या आणि हे डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या तोंडून ऐकू द्या. तुम्ही सांगितलेलं आणि तिसऱ्याने सांगितलेलं यात घरात फरक पडतो. न पटणारं असलं तरी ते तसंच आहे. शंभर माणसांत साधारण दोन ते चार जणांना हा आजार असतो, म्हणजे तुमच्या लोकलच्या एका डब्यात दोन-चार जणी निघतील.

यानंतर गोळ्यांची पिशवी. माझ्या मते नर्सने करायच्या सगळ्या कामांत हे सर्वात उपयोगाचं, आणि सर्वात दुर्लक्षित. मी म्हणते, प्रिस्क्रिप्शन नको, घरातल्या सगळ्या गोळ्या आणा. मग कॅरीबॅग टेबलावर ओतली जाते. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, ज्यांचं नावच कात्रीत गेलेलं. तीन वेगळ्या नावांच्या पेनकिलर, आणि तिन्हींत डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक. दोन डॉक्टरांनी दिलेल्या "नसांच्या गोळ्या", आणि पाठीमागचं बारीक अक्षर वाचलं तर दोन्हींत प्रीगॅबालिन. एकीत सोबत मिथाइलकोबालामिन, दुसरीत नॉरट्रिप्टिलिन. म्हणजे बाई नकळत दुप्पट डोस घेत होती, दिवसभर झोपाळलेली होती, आणि तो थकवा आजाराच्या खात्यात जमा होत होता. ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे साशे, जे आठवड्याला एक असे दोन महिने घ्यायचे होते, ते वर्षभर चालू. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, मूतखडा. आणि कधी कधी कागदाच्या पुडीतली नाव नसलेली पावडर, जिने "दोन दिवसांत जादू झाली". अशा पुडीत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. ती आधी डॉक्टरांना दाखवा. बराच काळ घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून स्वतःच्या मनाने काही करू नका.

साध्या पेनकिलर या आजारात फारसं काम करत नाहीत, कारण सूज नाहीच. त्या ॲसिडिटी मात्र वाढवतात आणि किडनीचं नुकसान करतात. युरोपच्या संधिवात संघटनेच्या, म्हणजे युलारच्या, २०१६ साली सुधारलेल्या शिफारशींत स्टेरॉइड आणि कडक अफूवर्गीय औषधं वापरू नयेत असं साफ म्हटलं आहे. ज्यांचा थोडाबहुत फायदा दिसतो ती थोडकीच: रात्री अगदी कमी डोसात ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन किंवा मिल्नासिप्रान, प्रीगॅबालिन, आणि काहींना सायक्लोबेन्झाप्रिन किंवा ट्रॅमाडॉल. औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने या आजारासाठी बरीच वर्षं तिघांनाच अधिकृत मान्यता दिली होती: प्रीगॅबालिन २००७, ड्युलॉक्सेटिन २००८, मिल्नासिप्रान २००९; २०२५ मध्ये त्यात जिभेखाली ठेवायच्या सायक्लोबेन्झाप्रिनची भर पडली.

आणि इथे तुमच्या बहिणीच्या नर्सचं खरं काम सुरू होतं. ही औषधं थोडक्या डोसाने सुरू करून हळूहळू वाढवायची असतात. ॲमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम झोपायच्या एक-दोन तास आधी. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं, सकाळी जडपणा, पोट साफ न होणं. ड्युलॉक्सेटिन ३० वरून ६० वर; सुरुवातीला मळमळ, म्हणून जेवणानंतर. प्रीगॅबालिनने चक्कर, पायांना सूज, वजन वाढणं. बहुतेक बाया चौथ्या दिवशी "मानवलं नाही" म्हणून गोळी सोडतात आणि महिन्याने डॉक्टरांसमोर जातात तेव्हा मधले २६ दिवस वाया गेलेले असतात. तिथे दहाव्या-बाराव्या दिवशी नर्स फोन करते: कशी आहेस, चक्कर येते का, बरं, आणखी आठ दिवस हाच डोस ठेवू. एवढ्या फोनने औषध टिकतं. आमच्याकडे डोस मी बदलत नाही. डॉक्टरांना विचारून सांगते. पण फोन मीच करते. एवढं लक्षात ठेवा: ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगॅबालिन अचानक थांबवायची नाहीत, ड्युलॉक्सेटिनवर असताना दुसऱ्या कोणी ट्रॅमाडॉल दिलं तर आधी सांगायचं, दिवस राहण्याचा विचार असेल तर सुरुवातीलाच बोलायचं. आणि कोणत्याही गोळीने सगळं दुखणं जात नाही. तीस टक्के कमी झालं तरी औषध लागू पडलं असं आम्ही धरतो, बाकीचं झोपेतून आणि हालचालीतून काढायचं असतं.

झोपेबद्दल जुना प्रयोग आहे. १९७५ साली कॅनडात हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी तरुणांना झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडली. काही रात्रींतच त्या धडधाकट मुलांचं अंग दुखायला लागलं, दाबलं की कळ यायला लागली. म्हणून "झोप लागते पण..." या तुमच्या वाक्यातला "पण" मला महत्त्वाचा वाटतो. घोरता का, हे नवऱ्याला विचारा. घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी करावी लागते. तो वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळा उपाय आहे. झोपताना पाय सतत हलवावेसे वाटतात का? मग लोह बघायचं. यातलं काही नसेल तर उठायची वेळ ठरवा आणि रविवारीही ती मोडू नका. झोपायच्या वेळेपेक्षा उठायची वेळ पक्की करणं जमतं, कारण वन-बीएचकेत पाच माणसं आणि अकरापर्यंत टीव्ही असताना लवकर झोप हा सल्ला फुकट आहे. संध्याकाळी घरी आल्यावरचा दुसरा चहा बंद करा. दुपारची झोप वीस मिनिटांच्या वर नको.

व्यायामाबद्दल सगळे डॉक्टर सांगतात, पण कसा ते कोणी सांगत नाही. युलारच्या त्या शिफारशींत ठाम दुजोरा मिळालेला उपाय एकच आहे, तो व्यायाम; बाकी सगळ्यांना "चालेल" एवढाच शेरा. आणि तरी हीच गोष्ट सर्वात जास्त फसते. बाई उत्साहाने पहिल्या दिवशी पाऊण तास उपवन तलावाला चालून येते, पुढचे तीन दिवस अंथरुणात, आणि मग "मला व्यायाम सोसत नाही" हे कायमचं ठरतं. सुरुवात अशी करायची: तुमच्या वाईट दिवशीही जेवढं चालणं झेपेल तेवढंच. सात मिनिटं तर सात मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं पूर्वीच्या पातळीवर आलं की ते प्रमाण योग्य. दोन आठवडे तेवढंच, मग आठवड्याला एखाद-दोन मिनिटं वाढवायची. चांगल्या दिवशी जास्त करायचं नाही, हे सर्वात अवघड. दोन-तीन महिन्यांत आठवड्यातून तीन वेळा वीस ते तीस मिनिटांपर्यंत पोचलात तर उत्तम. ज्यांना चालणं झेपत नाही त्यांनी तरणतलावात छातीभर पाण्यात चालावं; पोहता यायची गरज नाही. २०१८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ताई-ची करणाऱ्यांना एरोबिक व्यायामाइतका किंवा थोडा जास्तच फायदा दिसला होता. आपल्याकडे ताई-ची शिकवणारे शोधत बसण्यापेक्षा सावकाश योगासनं बरी, पण वर्गात मॅडमना आधी सांगा की मी इतरांच्या बरोबरीने करणार नाही.

वज्रेश्वरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांबद्दल मला नेहमी विचारतात. गरम पाण्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि त्याला थोडाफार आधारही आहे. जरूर जा. एसटीच्या धक्क्यांनी परत येताना ते सगळं वसूल होतं, हा भाग वेगळा.

दमाने काम करणं ही दुसरी शिस्त. अमेरिकेतल्या नर्स त्यासाठी दिवसाची डायरी लिहून घेतात. मीही घेते आणि आपल्याकडच्या डायऱ्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: रविवारी महिन्याचं वाणसामान, माळा साफ, पाहुण्यांचं जेवण, मंगळवारी अंथरूण. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या फराळानंतर आमच्या ओपीडीत गर्दी वाढते ती याचमुळे. चाळीस पोळ्या एका दमात लाटण्यापेक्षा वीस-वीस करून मध्ये बसणं, कणीक दुसऱ्या कोणाला मळायला देणं, भाजी ओट्यापाशी उभं न राहता टेबलावर बसून चिरणं, ही सोंगं नव्हेत, उपचाराचाच भाग आहे. आणि घरच्यांना "मदत करा" असं मोघम सांगू नका. "सोमवार ते शुक्रवार कणीक तू मळायची" असं नाव घेऊन सांगा. मोघम विनंतीवर आजवर कोणाच्या घरी कणीक मळली गेलेली मी पाहिली नाही.

मनाचा भाग टाळू नका. आजार मनाचा नाही, पण तीन वर्षं दुखणाऱ्या माणसाचं मन थकतं. दुखण्याविषयीचे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी ही थेरपी यात उपयोगी आहे. उदासी गडद झाली, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जा. रात्री-अपरात्री सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते.

मग ठाण्यात हे सगळं कसं जुळवायचं? एकदा, फक्त एकदा, संधिवाततज्ज्ञांकडून निदान पक्कं करून घ्या. त्यानंतर दर महिन्याला मोठ्या डॉक्टरांकडे जायची गरज नाही. तुमच्या घराजवळचा फॅमिली डॉक्टर, जो ऐकून घेतो, तोच औषधांचा माणूस ठेवा आणि तज्ज्ञांची चिठ्ठी त्याला द्या. कळव्याला राहता तर महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. ते मेडिकल कॉलेजचं रुग्णालय असल्याने मेडिसिन, मनोविकार, फिजिओथेरपी एकाच आवारात. कामावरून सुटल्यावर नवी मुंबईतच उरकायचं असेल तर वाशीचं महापालिका रुग्णालय किंवा नेरूळचं मेडिकल कॉलेज सोयीचं. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की मला शेक आणि मशीन नको, हळूहळू वाढणारा व्यायाम लिहून द्या. दहा दिवस नुसतं मशीन लावून काही होत नाही.

आणि धागा धरणारा एक माणूस लागतो. तुमच्या बहिणीला तिच्या नर्सचा जो फायदा झाला तो औषधाच्या नावात नसावा, तीच बाई दर वेळी समोर असण्यात असावा. मागच्या वेळी काय ठरलं होतं ते तिला माहीत असतं. इथे ते काम ओपीडीतली सिस्टर करेल, चांगली फिजिओथेरपिस्ट करेल, फॅमिली डॉक्टर करेल. विचारून बघा: "महिन्याभराच्या आत औषधाबद्दल शंका आली तर कोणाला फोन करू?" ज्या दवाखान्यात या प्रश्नाला नाव आणि वेळ मिळते, तिथे जा. दुखणं वाढलं की डॉक्टर बदलायचा, ही आपली सवय या आजारात फार महाग पडते. प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्यापासून तपासण्या करतो आणि नवी गोळी सुरू करतो, मग पिशवी भरते.

मात्र काही लक्षणं दिसली तर "फायब्रोच असेल" म्हणून घरी बसू नका. सांध्याला दिसणारी सूज, ताप, घाम येऊन वजन उतरणं, एका हातापायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, चेहऱ्यावर किंवा अंगावर नवं पुरळ, पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे आणि कंबर सकाळी तासभर आखडणं. एकदा निदानाचा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्यावर ढकललं जातं, रुग्णाकडूनही आणि आमच्याकडूनही.

शेवटी नोकरी. लगेच सोडू नका. घरी बसलेल्या कित्येक जणींचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढलेलं मी पाहते, कारण उठायची वेळ जाते, चालणं जातं, आणि घरचं काम मात्र दुप्पट होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे त्या प्रमाणपत्रावर सवलत मिळेल या भरवशावर राहू नका. साहेबांशीच बोलावं लागेल. तीन महिन्यांसाठी म्हणून नेमकं मागा: येण्याची वेळ एक तास पुढे, म्हणजे ठाण्याला नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत लोंबकळावं लागणार नाही, दर पाऊण तासाला पाच मिनिटं उठायची मुभा, पाठीला टेकण असलेली खुर्ची. डॉक्टरांकडून तेवढ्याच मजकुराची चिठ्ठी घ्या. कळव्याला लोकलमध्ये चढायची झटापट टाळून ठाण्यापर्यंत पुलावरून रिक्षा केलीत तर तो खर्च औषधाच्या खात्यात धरा. तीन महिन्यांनी ते २१ प्रश्न पुन्हा सोडवा. आकडा उतरला असेल तर हीच व्यवस्था पुढे चालू ठेवायला सांगा. उतरला नसेल तर आधी औषधाचा आणि झोपेचा फेरविचार करायला डॉक्टरांकडे जा. राजीनाम्याचं त्यानंतर बघू.